चौथी सही

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाचं रेडिओपुढे काही चालत नाही. रेडिओ मालकाचा, स्टेशन मालकाच्या आवडीचं, आणि मालकाचं ठाम मत असं की जगातलं सगळं चांगलं संगीत पंचवीस वर्षांपूर्वीच करून झालंय, आता उरलाय तो नुसता कालवा. त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दुकानात क्लासिक रॉकचं स्टेशन चालू असायचं. खर्ज्या त्याला आजोबा स्टेशन म्हणायचा. एखादा जुना बँड लागला की मशीनवर काच धरल्या धरल्या तो मालकाला ओरडून विचारायचा, "यांच्यातलं कोणी हिंडतंफिरतं आहे का अजून?"

खर्ज्या हे त्याचं खरं नाव नव्हे. तो एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. सगळ्यात खालचे, खर्जातले सूर त्याच्याकडे, म्हणून हे नाव पडलं. पाडलं ते मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं. मेहुणा बँडचा गायक. गिटारवाला मास्तर, जो दिवसा खरोखरच शाळेत भूमिती शिकवायचा. आणि ड्रमवर ठोक्या, खर्ज्याचा सहावीपासूनचा मित्र. चौघांची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा खर्ज्या सत्तावीस वर्षांचा होता, आता बावन्नचा. मधल्या काळात केस गेले, पोटं आली, पण माणूस एकही बदलला नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

तर त्या सोमवारी तो कुणा बाईंच्या चष्म्याची काच घासत होता आणि आजोबा स्टेशनवर एकटीच बेस गिटार वाजू लागली. चार सूर ऐकून त्याला वाटलं, कोण आहे हा, बरा वाजवतोय. पाचव्या सुराला लक्षात आलं की हा आपणच. पहिल्या रेकॉर्डमधलं पहिलं गाणं. गाणं संपल्यावर निवेदक लाडात येऊन म्हणाला की आजपासून आपल्या क्लासिक कुटुंबात नवे पाहुणे दाखल झाले आहेत.

मालक धावत आत आला आणि त्यानं खर्ज्याची पाठ थोपटली. "आलात एकदाचे लायनीवर," तो म्हणाला. खर्ज्याच्या हातातली काच तोवर एका बाजूनं इतकी घासली गेली होती की ती जगातल्या कुठल्याच चौकटीत बसली नसती.

मालकाला जो मान वाटला तो खर्ज्याला एवढा का झोंबला, हे सांगायला हवं. पंचवीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाण्यांना पाया घातला. गाणी असायची मेहुण्याची, नाहीतर मास्तरची. यानं कधी कुरकुर केली नाही, कारण ज्याला काही सुचतच नाही त्या माणसानं कुरकुर कशाच्या जोरावर करायची? आणि मग पन्नाशीला टेकल्यावर, कोणी मागितलेली नसताना, त्याला गाणी सुचायला लागली. एक नाही, दोन नाही, नऊ. दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी चौघे त्याच्या गॅरेजमध्ये जमायचे आणि दोन वर्षं त्या नऊ गाण्यांचं रेकॉर्डिंग करत होते. आठ झाली होती, नवव्याचं गायन तेवढं राहिलं होतं. गॅरेजमधली गाडी दोन वर्षं बाहेर ऊनपाऊस खात उभी होती, तिला गंज चढला, त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं. क्लासिक म्हणजे ज्यांचं करून झालंय ते. याचं तर आत्ता कुठे सुरू होत होतं.

त्यानं मेहुण्याला फोन लावला. "अरे, आपल्याला आजोबा स्टेशनवर टाकलंय."

"असं?" मेहुणा म्हणाला. "चूक झाली असेल त्यांची. तू नको डोक्याला ताप करून घेऊस. मी बघतो."

मेहुणा काही बघणाऱ्यातला नव्हता. पंचवीस वर्षांत हॉलची परवानगी असो की गाडीचं पंक्चर, बघायचं ते खर्ज्यानं, मेहुण्यानं फक्त घसा सांभाळायचा. त्यामुळे त्याच्या तोंडून 'मी बघतो' ऐकल्यावर खर्ज्याला काही स्वस्थ बसवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तो स्टेशनवर गेला.

तिथल्या कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई पस्तिशीच्या असतील. काचेची खोली, टेबलावर दोन फोन, कुंडीत एक रोप आणि रोपाच्या मातीत खोचून ठेवलेली पेन्सिल. त्याला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही स्वतः आलात? माझ्या बाबांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही त्यांचा."

बाबांचं नाव निघाल्यावर खर्ज्याचा उरलासुरला धीर सुटला. "बाई, तुमची काहीतरी गफलत झालीय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली की उचलून टाकता का माणसाला अडगळीत?"

"नाही हो सर. पंचवीस वर्षं तर व्हावीच लागतात, पण तेवढ्यानं भागत नाही. पुढची पाच वर्षं नवी रेकॉर्ड काढणार नाही असं बँडकडून लिहून घेतो आम्ही. मूळच्या सगळ्या कलाकारांच्या सह्या लागतात त्यावर."

"हे कुठलं खूळ?"

"मागे एका बँडला घेतलं, आणि महिन्याभरात त्यांनी नाचाच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. श्रोत्यांच्या शिव्या आठवडाभर मी खाल्ल्यात. तेव्हापासून लिहूनच घेतो. आणि तुमचा तर चौदा गावांचा दौराही आमचं स्टेशनच करतंय, मूळचे चौघे एकत्र, म्हणून जास्तच काळजी."

"दौरा तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं. पण आमची रेकॉर्ड येतेय," खर्ज्या म्हणाला. "नऊ गाणी. आठ तयार आहेत."

बाईंनी कपाटातून एक फाइल काढली, एक कागद वर घेतला आणि त्याच्यापुढे सरकवला. खाली चार सह्या होत्या, आणि चौथी त्याची होती.

खर्ज्याच्या सह्या दोन. एक बँकेतली, पूर्ण नावाची, हळूहळू काढलेली. दुसरी पोस्टरवरची, दोन अक्षरं आणि पुढे लाटेसारखं एक शेपूट. कागदावर शेपूट होतं. दौऱ्याच्या, करारांच्या, कुठल्याही कामाच्या कागदावर त्यानं ती सही जन्मात केली नव्हती. त्या शेपटाकडे बघता बघता आपल्याला कसं गंडवलं ते त्याला कळलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

पोस्टरवर सह्या करायची त्यांची एक पद्धत होती. पहिल्या रेकॉर्डच्या पंचविशीची सहाशे पोस्टरं महिन्यापूर्वी छापून आली, तेव्हाही सह्या खर्ज्याच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या, दर वेळी तिथेच व्हायच्या. आधी मेहुणा, मग मास्तर, मग ठोक्या, शेवटी खर्ज्या. वीस-वीस पोस्टरं हातातल्या पत्त्यांसारखी पसरून ठेवायची, म्हणजे प्रत्येकाचा फक्त कोपरा दिसतो. मग कोपऱ्या-कोपऱ्यावर सही करत सुटायचं. बघायचं काहीच नसतं. म्हणून तोंडानं गप्पा चालू असतात, आणि त्या दिवशी मास्तर कुणा पोरानं भूमितीच्या पेपरात काढलेल्या सहा बाजूंच्या त्रिकोणाची गोष्ट सांगत होता. खर्ज्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता आणि हात आपला चालू होता. एका कोपऱ्यावर पेन जरा रुतलं. पोस्टरचा कागद जाड, गुळगुळीत, आणि हा मऊ लागला. "हा पातळ आला की," तो म्हणाला होता. "छापखान्याची करामत," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. गोष्टीला हसले त्याहून जास्त हसले.

"सही तुमचीच ना, सर?" बाईंनी विचारलं.

"माझीच."

बाईंनी कागद परत फाइलला लावता लावता त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोचलेल्या असाव्यात. "तुम्हाला न सांगता घेतली असेल तर शुक्रवारपर्यंत लेखी द्या," त्या म्हणाल्या. "मी सगळं रद्द करते. दौराही."

घरी गेल्यावर त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. तिच्या सख्ख्या भावाबद्दल बोलतोय याचंही भान ठेवलं नाही; भामटा म्हणाला, विश्वासघातकी म्हणाला, आणखीही बरंच काही म्हणाला. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आधी जेवून घे." भावाची बाजू न घेतल्याबद्दल त्याला तिचे फार उपकार वाटले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. संध्याकाळी तिघे नेहमीसारखे गॅरेजमध्ये आले. खर्ज्यानं गिटार पेटीतून काढलीच नव्हती.

"सही कशी घेतलीत ते कळलंय मला," तो म्हणाला. "का घेतलीत तेवढं सांगा."

ठोक्या एका ड्रमचा स्क्रू आवळत बसला, जो आधीच घट्ट होता. मेहुण्यानं घसा साफ केला आणि मास्तरकडे पाहिलं. अवघड काही सांगायचं असलं की बँडमध्ये ते मास्तरकडेच जायचं.

"हे बघ," मास्तर म्हणाला, "गेल्या तीन रेकॉर्डी कुणी ऐकल्या? कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं की लोक चहा प्यायला बाहेर जातात. तू खाली मान घालून वाजवतोस, तुला दिसत नाही. मला दिसतं. पहिल्या रेकॉर्डवर मात्र अजून जीव टाकतात. चौदा गावं बोलावतायत आपल्याला. पुन्हा कधी कोण बोलावणार?"

"मग तसं म्हणायचं. तीन विरुद्ध एक. मी हरलोच असतो. चोरून कशाला?"

"तू हरला असतास आणि निघून गेला असतास. त्यांना मूळचे चौघे हवेत. तुझ्याशिवाय आम्ही तिघं क्लासिक नाही रे, नुसते म्हातारे."

"दौरा झाला की सांगणारच होतो," मेहुणा मध्येच म्हणाला. कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

खर्ज्याला खरं तर एकच गोष्ट विचारायची होती, आणि विचारायला तोंड उघडलं तेव्हा ती किती अवघड आहे ते त्याला कळलं. "गाणी कशी आहेत?" तो म्हणाला.

मास्तर गिटारच्या तारेवरून नख फिरवत राहिला. मेहुण्याला अचानक खोकला आला. शेवटी ठोक्या म्हणाला, "बरी आहेत."

ठोक्याला जे आवडायचं त्याला तो कचकचीत शिवी हासडायचा. पहिल्या रेकॉर्डची पहिली प्रत ऐकून त्यानं जी शिवी दिली होती ती मास्तरच्या आईनं ऐकली आणि महिनाभर त्याला घरात घेतलं नव्हतं. बरी आहेत, असं गुळमुळीत तो फक्त लोकांच्या घरचे पडदे बघून म्हणायचा.

"दोन वर्षं वाजवत होतात की तुम्ही," खर्ज्या म्हणाला.

"तू इतका खूश असायचास," ठोक्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो मनापासून बोलत होता, हेच सगळ्यात वाईट होतं. "आम्ही तुझ्यासाठीच यायचो रे."

मंगळवार आणि शनिवार, दोन वर्षं. आजाऱ्याला भेटायला यावं तसे हे येत होते, आणि तो बावळटासारखा त्यांना चहा पाजून 'पुन्हा एकदा घेऊ' म्हणत होता. संताप कुणावर काढावा ते न कळून तो मेहुण्याकडे वळला. "आणि कागद गठ्ठ्यात तू घातलास."

मेहुण्यानं दाराकडे पाहिलं. गॅरेजचं दार उघडं होतं, आणि दारातून अंगणापलीकडची स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. "मी फक्त आणून दिला," तो म्हणाला.

तेव्हा कुठे खर्ज्याच्या डोक्यात उजेड पडला. पोस्टरं चौथ्या माणसापुढे आपोआप येत नाहीत. वीस-वीसचा पंखा पसरून त्याच्यापुढे ठेवायचं, झालेली उचलायची, पुढची ठेवायची, हे काम पंचवीस वर्षं त्याच्या उजव्या हाताला बसून बायको करत आली होती. 'छापखान्याची करामत' कुणाच्या आवाजात म्हटलं गेलं, ते त्याला आता नीट ऐकू आलं.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. हातात काही काम नसताना त्यानं तिला फार वेळा पाहिलं नव्हतं.

"दादानं सांगितलं म्हणून केलंस?" त्यानं विचारलं.

"दादानं कागद आणला. ठेवायचा कुठे ते मी ठरवलं." तिनं भावावर काही ढकललं नाही. "मास्तरची गोष्ट रंगात आली तेव्हा ठेवला. हसायला लागलास की तू खाली बघत नाहीस."

हे त्याच्याबद्दल तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यालासुद्धा नव्हतं.

"का पण?"

"तू प्रत्येक गाणं आधी मला ऐकवायचास. याच खुर्चीत बसवून. आणि वाजवताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचास. काय म्हणणार होते मी? छान म्हटलं. एकदा म्हटलं, मग नऊ वेळा म्हणावं लागलं. उद्या रेकॉर्ड निघाली असती, कुणी ढुंकून पाहिलं नसतं, आणि तू येऊन मलाच म्हणाला असतास, तुला तर आवडली होती. मला त्याची धास्ती बसली होती. त्यापेक्षा ती निघूच नये असं वाटलं."

"इतकी वाईट आहेत?"

"वाईट नाहीत," ती म्हणाली. आता सांगायचंच तर सगळं सांगावं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. "ऐकून संपलं की एकही आठवत नाही."

तो समोरच्या खुर्चीत बसला. भावाला त्यानं काल भरपूर शिव्या मोजल्या होत्या. हिच्यासाठी त्याच्याकडे एकही नव्हती. "हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नसतो," तो म्हणाला. "फक्त आठवडाभर."

"माहितीय मला."

"मग कदाचित दुसरं गाणं चांगलं केलं असतं."

हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो आला नव्हता हे त्याला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. तिनं त्याला दुःखापासून वाचवायचं ठरवलं होतं. तो सुधारू शकेल अशी शंकासुद्धा तिला शिवली नव्हती. फसवलं त्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं.

पुढचे दोन दिवस घरात गॅस संपला का आणि वीज बिल कुठे ठेवलं यापलीकडे बोलणं झालं नाही. ती त्याच्या ताटात वाढत होती, तो जेवत होता. दुकानात काचा घासताना तो आपलं चौथं गाणं मनात म्हणून बघायचा, ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जीव होता. पहिल्या कडव्यापर्यंत जायचा आणि पुढे भलत्याच गाण्यात शिरायचा. पूर्वी असं व्हायचं का? त्याला सांगता येईना. आठवत नाही म्हणून गाणं टाकाऊ, की तिनं म्हटलं म्हणून आता आठवत नाही? आठही गाणी गॅरेजमध्ये होती, जाऊन ऐकायची होती फक्त. तो गेला नाही. आपली गाणी चांगली की वाईट हे स्वतःच्या कानानं कळायची सोयच त्या तिघांनी आणि बायकोनं मिळून संपवली होती.

तरी शुक्रवारी तो स्टेशनवर गेला तो तक्रार करायच्याच तयारीनं. पाहिजे तर बँड मोडू दे, दौरा बुडू दे. सगळ्यांना एकदा कळू दे.

बाईंनी एक छापील अर्ज पुढे ठेवला. वर बँडचं नाव, त्याचं नाव, तारीख. मग एक प्रश्न, 'आपणास कोणत्याही प्रकारे फसवून सही घेण्यात आली आहे काय?' त्यानं 'होय' लिहिलं. त्याखाली दुसरा प्रश्न होता, 'असल्यास कोणी? नाव व नाते.'

तो त्या रिकाम्या ओळीवर अडला.

"मेहुण्याचं लिहिलं तर?" त्यानं विचारलं.

"ज्यांनी कागद सहीसाठी तुमच्यापुढे ठेवला त्यांचं लिहायचं, सर. मग आम्ही त्यांना बोलावून विचारतो."

त्याच्या डोळ्यांपुढे बायको या काचेच्या खोलीत, या रोपाशेजारी बसलेली आली. बाई तिला विचारतील, तुम्ही असं का केलंत? आणि ती खोटं बोलणार नाही. आता ती थांबणारीच नव्हती. ती इथे, परक्या माणसांपुढे, रेडिओ स्टेशनमध्ये बसून सांगेल की ऐकून संपलं की एकही आठवत नाही. बाई ते लिहून घेतील आणि फाइलला लावतील.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. अर्ज उचलून मधोमध फाडला आणि तुकडे खिशात कोंबले.

"माझी तक्रार नाही," तो म्हणाला. "मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी जरा भडकलो होतो."

बाईंना हायसं वाटलेलं दिसलं, पण त्या कामाला पक्क्या होत्या. "बरं झालं, सर. पण मला एक नोंद करावी लागेल. त्या दिवशी तुम्ही नऊ गाण्यांचं म्हणालात. आठ तयार आहेत म्हणालात. त्यांचं काय लिहू?"

"कुठली गाणी?" खर्ज्या म्हणाला.

बाईंनी कुंडीतली पेन्सिल उपसली, तिची माती पुसली आणि लिहिलं, 'नवीन काही नाही.' लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं आणि मान हलवली.